"यापेक्षा स्वस्त मिळालं तर फरक परत" हा बोर्ड नक्की कुणासाठी असतो?

सिंहगडरोडची_सून

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, चहा घेऊन बसा.

आमचा १७ वर्षांचा फ्रिज गेला, आणि गेला तो पण ऐन मे महिन्यात, आत आमरसाचं पातेलं असताना. दुसऱ्या दिवशी लगोलग जवळच्या एका मोठ्या शोरूममधून (नाव घेत नाही, उगीच भांडण नको) डबल डोअर घेतला, ३१,४९० ला. तिथेच का, तर बाहेर हा भलामोठा पिवळा फ्लेक्स, "यापेक्षा स्वस्त कुठेही मिळालं तर फरकाची दुप्पट रक्कम परत!!" आणि शेवटी मुंगीएवढी एक चांदणी (*), म्हणजे अटी लागू. चांदणी मी तेव्हा बघितली पण नाही. मला वाटलं चला बरं झालं, चार दुकानं पालथी घालायला नको, हे लोक स्वतःच छातीठोक सांगतायत म्हणजे भाव बरोबरच असणार.

पाचव्या दिवशी नवऱ्याने मोबाईल पुढे केला, तोच फ्रिज ऑनलाइन २८,९९०. बँकेच्या कार्डाची सूट, एक्स्चेंज वगैरे काही न धरता. म्हणजे सरळ २,५०० चा फरक, दुप्पट धरले तर ५,०००. बिल आणि स्क्रीनशॉट घेऊन मी आणि सासूबाई गेलो. काउंटरवरचा मुलगा एकदम गोड, पाणी विचारलं, मग मॅनेजर आले. पहिलं कारण, मॅडम तुमचं मॉडेल वेगळं आहे. नंबर जुळवून पाहिला तर शेवटची दोन अक्षरं वेगळी, आमचा करडा आणि ऑनलाइनवाला निळसर. मी म्हटलं अहो रंगच आहे ना तो. तर दुसरं कारण आलं, ती वेबसाइट स्वतः विकत नाही, थर्ड पार्टी सेलर आहे, ते आम्ही धरत नाही. मग बिल उलटं करून मागची अट दाखवली, इंग्रजीत, इतकी बारीक की सासूबाईंनी चष्मा काढून परत घातला तरी दिसेना.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, अगं मंडईत पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी आपण दोन गाळे पुढे जातो, आणि इथे ३१ हजार टाकून आलो एका कापडावरचं वाचून.

तर विचारायचं असं की हे असले बोर्ड आपल्या फायद्याचे असतात का नुसतं गिऱ्हाईक आत ओढायचं साधन? कुणाला कधी पैसे परत मिळालेत का? आणि मी आता काही करू शकते का, का सोडून देऊ?

---

मिसळ_विदाउट_पाव

सोडून द्या ताई. फ्रिज गार करतोय ना? मग झालं. ऑनलाइनवाला दुसऱ्या मजल्यावर चढवून देताना जो तमाशा करतो त्याचे २,५०० वेगळेच.

---

माजी_फ्लोअरवाला

सोडू नका. मी नाशिकला ९ वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या फ्लोअरवर काढलीत, आता धंदा वेगळा आहे त्यामुळे बोलायला मोकळा.

आधी भाव कसा ठरतो ते ऐका. एमआरपी ही नुसती खोडून दाखवायची किंमत, "बघा ४२ चा ३१ ला देतोय". खरा भाव म्हणजे एमओपी, मार्केट ऑपरेटिंग प्राइस, तो ब्रँड ठरवतो आणि दुकानदाराने त्याच्या खाली विकायचं नाही अशी अपेक्षा असते. खाली विकलं की समोरचा दुकानदार बिलाचा फोटो काढून ब्रँडच्या एरिया मॅनेजरला पाठवतो, आणि तुमची पुढची स्कीम, म्हणजे ब्रँडकडून दुकानाला मिळणारी सवलत, अडकते. आमच्याकडे तर ब्रँडची माणसं गिऱ्हाईक बनून यायची, "दादा अजून किती कमी होईल", आणि नवीन पोरगं बिचारं बोलून जायचं. त्यामुळे गावातल्या पाच दुकानांत एकाच मॉडेलचा भाव २००-३०० च्या आतबाहेर असतो. अशा ठिकाणी "यापेक्षा स्वस्त मिळालं तर" म्हणायला जिगर लागत नाही, मिळणारच नाही हे आम्हाला माहीत असायचं! घोळ झाला ऑनलाइन आल्यावर.

आता मॉडेल नंबर. नंबरातला कुठला भाग काय सांगतो ते प्रत्येक ब्रँडचं वेगळं, पण शेवटची अक्षरं बऱ्याचदा रंगाची किंवा दरवाजाच्या फिनिशची असतात. आतला माल तोच. पण कधीकधी खरंच फरक असतो, एखादी काचेची फळी कमी, बेस स्टँडचा ड्रॉवर नाही, आणि तेवढ्यावर ते "ऑनलाइन एक्सक्लुझिव्ह मॉडेल" होतं. टीव्हीत हे जास्त चालतं. त्यामुळे आधी दोन्ही फ्रिजच्या बीईईच्या (वीज बचतीचे स्टार देणारी सरकारी संस्था) स्टिकरवर बघा, वर्षाला किती युनिट लिहिलेत आणि लिटर किती. दोन्ही आकडे सारखे असले तर मॅनेजरला तेच दाखवा, रंगाची सबब तिथेच पडते.

आणि सगळ्यात मोठी चूक (रागावू नका) म्हणजे तुम्ही बिल झाल्यावर गेलात. बिलाच्या आधी तोच स्क्रीनशॉट दाखवला असता तर फ्लोअरवाल्याने आत जाऊन एक फोन केला असता आणि ऑफलाइन सपोर्ट (ब्रँड दुकानांना भाव कमी करायला देतो ते पैसे), महिन्याअखेरचं टार्गेट, काहीतरी काढून भाव बसवला असता. बिल झाल्यावर म्हणजे क्रेडिट नोट (गिऱ्हाईकाचे पैसे परत जमा दाखवणारा कागद) काढा, जीएसटीची एंट्री फिरवा, वर हेड ऑफिसला उत्तर द्या. कोण करतंय. म्हणून पोरांना शिकवलेलंच असतं, पहिल्यांदा मॉडेल म्हणा, मग सेलर म्हणा, मग बिलामागची अट दाखवा. तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने! वाचून हसूच आलं, आमच्याकडे पण हाच क्रम होता.

---

जर्सीतली_जाई

इकडे न्यू जर्सीत हे प्राइस मॅच प्रकरण (दुसरीकडचा कमी भाव दाखवला की दुकान तोच भाव लावतं) रोजचं आहे, आणि मी तर त्यातली पट्टीची खेळाडू, नवरा गाडीतच बसून राहतो लाजेने.

बेस्ट बाय म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं दुकान आहे, तिथे मी दोनदा केलंय, एकदा लॅपटॉप आणि एकदा व्हॅक्यूम. अॅमेझॉनचं पान उघडून दाखवलं, त्या मुलीने तिच्या कॉम्प्युटरवर स्वतः तपासलं, दोन मिनिटांत काम. पण अट अशी की अॅमेझॉनने स्वतः विकलेलं आणि स्वतः पाठवलेलं हवं, बाहेरच्या सेलरचं चालत नाही, आणि थँक्सगिव्हिंगपासून सायबर मंडेपर्यंत मॅच बंद. म्हणजे वर्षात भाव सगळ्यात जास्त पडतात नेमके तेच चार-पाच दिवस वगळून! टार्गेट नावाचं दुसरं मोठं दुकान तर २०१३ पासून वर्षभर दुसऱ्यांचे ऑनलाइन भाव मॅच करायचं, ते २८ जुलै २०२५ पासून त्यांनी बंदच केलं, आता फक्त त्यांचं दुकान आणि त्यांचीच वेबसाइट यातला फरक देतात. हा कसला मॅच, आपलाच उजवा हात डाव्याला टाळी देतोय. अॅमेझॉन स्वतः तर कुणाचाच भाव मॅच करत नाही.

मला खरं आवडतं ते कॉस्टको या घाऊक दुकानाचं. बढाई काही नाही, पण घेतल्यापासून ३० दिवसांत त्यांचाच भाव उतरला तर फरक देतात. त्यात मॉडेल, सेलर, रंग असली भांडणंच येत नाहीत.

गाद्यांबद्दल एक सांगते, इकडे मॅट्रेस घ्यायला गेलं की एकाच कंपनीची गादी प्रत्येक दुकानात वेगळ्या नावाने. मग खुशाल लिहा की सेम गादी स्वस्त मिळाली तर पैसे देऊ. सेम नावाची गादी दुसरीकडे असायला हवी ना!

---

कलम_कीडा

जाईताईंनी सांगितलेली ती सेलरची अट नीट बघा, कारण तिथेच खरी गोम आहे.

अमेरिकेत "अॅमेझॉनने स्वतः विकलेलं" अशी वस्तू असते. आपल्याकडे परदेशी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसला (दुसऱ्या विक्रेत्यांचा माल दाखवणारी साइट) स्वतःच्या मालकीचा माल थेट गिऱ्हाईकाला विकता येत नाही, तसे सरकारी नियम आहेत, २०१६ ची प्रेस नोट ३ आणि मग २०१८ ची प्रेस नोट २, जी १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. म्हणजे अॅमेझॉन काय आणि फ्लिपकार्ट काय, तिथला विकणारा कायद्याने कायम कुणीतरी दुसराच, नावाने तरी. आता तुमच्या शोरूमने "थर्ड पार्टी सेलरचा भाव धरणार नाही" ही अट परदेशातल्या कुणाची तरी बघून उचलली असेल किंवा डोकं लावून घातली असेल, पण भारतात तिचा अर्थ होतो या दोन सगळ्यात मोठ्या साइटींचा भाव आम्ही कधीच धरणार नाही. मग फ्लेक्सवर "कुठेही" कशाला लिहिलं?

दुसरं, फ्लेक्स मराठीत आणि अटी इंग्रजीत, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट म्हटलंय की खुलासा (म्हणजे चांदणीमागची अट) ज्या भाषेत दावा केलाय त्याच भाषेत हवा, अक्षर दाव्यासारखंच हवं, आणि मुख्य दाव्याच्या उलटं खुलाशात सांगता येणार नाही. तुमच्या केसमध्ये तिन्हीची वाट लागलीय.

करायचं काय, तर फ्लेक्सचा फोटो आजच काढून ठेवा, चांदणीसकट, तारीख दिसेल असा, उद्या उतरवला तर मग बोंब. मग १९१५ वर फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत पण बोलतात, तक्रार नंबर घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच दुकान नरम येतं. नाहीच आलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य आहे आणि वकील लागतोच असं नाही. ५,००० साठी तारखांना जायचं का हा मात्र तुमच्या वेळेचा हिशोब, मी असतो तर गेलो असतो पण माझी बायको म्हणते मला दुसरा उद्योग नाही.

फ्लोअरवाले दादा, ते ब्रँडची माणसं गिऱ्हाईक बनून यायची म्हणालात ना, अगदी त्याच प्रकारावर मारुती सुझुकीची केस झालीय. डीलरने ठरल्यापेक्षा जास्त डिस्काउंट द्यायचा नाही, कोण देतंय ते बघायला खोटे गिऱ्हाईक पाठवायचे, आणि सापडला की डीलरला दंड. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीला २०० कोटींचा दंड लावला, कंपनी अपिलात गेली.

---

अर्धवट_अर्थशास्त्री

उशिरा आलो पण मूळ प्रश्न "हा बोर्ड कुणासाठी असतो" हाच आहे आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, सगळे अटींवरच अडकलेत. माझं म्हणणं असं की अटी एकदम स्वच्छ असल्या, मागितल्याबरोबर पैसे दिले, तरीही हा बोर्ड गिऱ्हाईकाच्या तोट्याचा असू शकतो.

कसं ते बघा. लक्ष्मी रोडवर समोरासमोर दोन दुकानं, दोघंही तोच मिक्सर ३,२०० ला विकतायत, दोघांची खरेदी २,४०० ची. समोरच्याच्या मनात आलं की आपण ३,००० करू, नफा पाऊणपट होईल पण पहिल्याची निम्मी गिऱ्हाइकं आपल्याकडे येतील. आता पहिल्याने बोर्ड लावला, "समोर जो भाव असेल तोच इथे". मग गिऱ्हाईक रस्ता ओलांडून जाईल कशाला? त्याला इथेच ३,००० ला मिळणार. समोरच्याचं झालं काय, तर एक गिऱ्हाईक वाढलं नाही आणि प्रत्येक मिक्सरमागे २०० गेले. दोन दिवसांत तो गुपचूप ३,२०० वर येतो आणि स्वतःही तसाच बोर्ड लावतो. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना "सगळ्यात स्वस्त" असे बोर्ड आणि दोन्हीकडे मिक्सर ३,२०० लाच. त्या दोघांना कुठे चहाला भेटून संगनमत करायची पण गरज नाही, बोर्डच बोलतो. तो बोर्ड वाचणारा खरा माणूस रस्त्यापलीकडे गल्ल्यावर बसलेला असतो.

त्यात आपण काय, फुकटचे हेर! समोरच्याने भाव उतरवला ही बातमी फोटोसकट, पेट्रोल जाळून, आपणच पहिल्या दुकानदाराला नेऊन देतो.

ही माझ्या मनची कथा नाही, स्टीव्हन सॅलॉप म्हणून अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९८६ मध्येच हे मांडलं, पुढे १९९७ मध्ये एरन एडलिनने हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये याला स्पर्धा कायद्याखाली आणता येईल का यावर लिहिलं. आणि जर्मनीत तर प्रत्यक्ष बघायला मिळालं. तिथे २०१३ पासून प्रत्येक पेट्रोल पंपाला भाव बदलला की लगेच सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो, त्यामुळे मिनिटामिनिटाचे आकडे उपलब्ध. २०१५ मध्ये शेल या पेट्रोल कंपनीने आपल्या कार्डधारकांना हमी दिली की आजूबाजूच्या दहा पंपांत जो सगळ्यात स्वस्त, त्याच्यापेक्षा फार तर २ सेंट जास्त लावू. नंतर अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तर भाव उतरायच्या ऐवजी चढलेले.

राहिला मुद्दा मागणाऱ्यांचा. जाईताईंसारखे पट्टीचे लोक मागून घेतात, त्यांचा फायदा खरा आहे. पण तो ज्यांना मागायची लाज वाटते किंवा वेळ नाही त्यांच्या खिशातून येतो, म्हणजे गाडीत बसलेल्या त्या नवऱ्याच्या.

---

जर्सीतली_जाई

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणतो बरोबर आहे 😀

---

माजी_फ्लोअरवाला

सर गणित पटलं, पण दुकानात बसून बघितलेलं सांगतो. समोरच्याला दम म्हणून बोर्ड लावलाय असा विचार आमच्या मालकाने कधी केला असेल असं वाटत नाही, त्यांचा हिशोब एवढाच होता की बोर्ड बघून माणूस पुढच्या दुकानात जात नाही. सूनताईंनी तेच लिहिलंय बघा, "चार दुकानं पालथी घालायला नको". झालं की काम! आणि पैसे मागायला येणारे आठवड्याला एखाददुसरे, सहाजणांचं कुटुंब घेऊन वाजतगाजत फ्रिज नेल्यावर परत कोण भाव बघत बसतंय. भाव बघायचा बंद व्हावा म्हणून तर बोर्ड.

---

अर्धवट_अर्थशास्त्री

हे माझ्या गणितापेक्षा भारी आहे, मान्य. मागायला आठवड्याला दोनच येत असतील तर समोरच्या दुकानदाराला पण त्या बोर्डाची फारशी भीती राहणार नाही, तेवढं माझं गणित ढिलं पडतं. पण निकाल तोच ना, गिऱ्हाईक फिरायचं थांबलं की भाव उतरवण्यात कुणालाच मजा उरत नाही.

---

टेम्सकाठचा_तात्या

मंडळी, इंग्लंडात यावर शंभर वर्षांचा प्रयोग चालू आहे. जॉन लुईस नावाचं मोठं दुकान आहे, त्यांचं १९२५ पासूनचं ब्रीद, अर्थ साधारण असा की "जाणूनबुजून आम्ही दुसऱ्यापेक्षा महाग विकणार नाही". त्यातला जाणूनबुजून हा शब्द बघा काय तोलून घातलाय, म्हणजे आम्हाला माहीत नसेल तर आमचा दोष नाही! तरी लोकांचा विश्वास होता. मग फक्त ऑनलाइन विकणारे आले, त्यांना हे धरत नव्हते, ते ब्रीद दिवसेंदिवस पोकळ वाटायला लागलं आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये बंदच केलं. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये परत आणलं, आता २५ दुकानांचे भाव बघतात आणि त्यात अॅमेझॉनसुद्धा आहे. कलमवाले म्हणतायत तोच मुद्दा, ऑनलाइन धरलं तरच त्या शब्दाला किंमत.

किराण्यात वेगळी गंमत. आल्डी म्हणून एक स्वस्त सुपरमार्केट आहे, बाकीची मोठी सुपरमार्केटं काही मालावर "आल्डीच्या भावाला" असं लेबल लावतात. २०२४ मध्ये बीबीसीने पाकिटं उलटून घटक वाचले तर भाव जुळलेल्या काही पदार्थांत मुख्य जिन्नसच कमी निघाला, चिकन नगेट्समध्ये चिकन कमी! हिने ते ऐकल्यापासून प्रत्येक पाकीट उलटं करून वाचायला सुरुवात केलीय, आठवड्याच्या खरेदीला आता दीड तास लागतो.

---

मिसळ_विदाउट_पाव

एवढं सगळं वाचून मी माझ्या टीव्हीचं बिल शोधलं. सापडलं नाही. बरंच झालं.

---

सिंहगडरोडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, आता पुढचं ऐका.

फ्लोअरवाले दादांनी सांगितलं तसं बीईईच्या स्टिकरवरचे युनिट आणि लिटर जुळवले, दोन्ही फ्रिजचे अगदी सारखे. कलम कीडांनी सांगितलं तसा फ्लेक्सचा फोटो काढला, चांदणीसकट, सासूबाई शेजारी उभ्या म्हणजे अक्षराचा आकार कळावा. १९१५ ला फोन करून तक्रार नंबर घेतला आणि मग परत गेलो.

मॅनेजरने मॉडेल काढलं, मी स्टिकरचे दोन फोटो दाखवले. सेलर काढला, मी विचारलं की मग भारतातली कुठली साइट धरता ते कागदावर लिहून द्या, तर ते आत गेले ते वीस मिनिटं आलेच नाहीत. आल्यावर म्हणाले मॅडम दुप्पट शक्य नाही, १,५०० चं व्हाउचर देतो. मी हो म्हणणार होते, खरंच, उन्हाने जीव नकोसा झाला होता, पण सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला घाई नाही, घरी फ्रिज चालू आहे." शेजारी दोन गिऱ्हाइकं एसी बघत होती ती वळून ऐकायला लागली. १५ मिनिटांत २,५०० ची क्रेडिट नोट निघाली. दुप्पट नाहीच. बाकीच्या २,५०० साठी आयोगात जायचं का ते सासूबाई ठरवणार आहेत, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त हुरूप आलाय.

फ्लेक्स अजून तिथेच आहे. आज सकाळी रिक्षातून जाताना बघितलं तर चांदणीखाली मराठीत एक ओळ नवीन आलीय, पण काय लिहिलंय ते वाचायला रिक्षा थांबवावी लागेल.